रस्त्याच्या मध्यावरून गेलेली हद्द

सांगली संपते आणि कुपवाडचे कारखाने सुरू होतात, त्या मधल्या पट्ट्यात आमचं घर आहे. मी शाळेत जायला लागले तेव्हा तिथं मुरमाड माळ होता. पावसाळ्यानंतर थोडी ज्वारी दिसायची, बाकी वर्षभर कुसळं. आण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेतून निवृत्त झाले आणि त्यांनी त्या माळावर प्लॉट घेतला. त्यांचे भाऊ कऱ्हाडच्या बाजूला उसाच्या रानात होते. त्यांना आण्णांचं हे करणं कधीच पटलं नाही. बागायत सोडून माणूस माळावर का जातो, असं ते प्रत्येक दिवाळीला विचारायचे. आण्णांना एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षेचं काम मिळालं होतं, आणि मुलींच्या शाळा सांगलीत होत्या. एवढंच कारण होतं.

आमच्या समोर, रस्त्याच्या पलीकडं, मामा आणि मामी राहायचे. नात्याचे नव्हेत, पण लहानपणापासून आम्ही त्यांना मामा-मामीच म्हणतो. ते माण तालुक्यातले. मामांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. दर वर्षी माणातून निघायचं, कृष्णाकाठानं खाली यायचं, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पुढं जायचं. गंमत अशी, की ज्या माळावर आज त्यांचं घर आहे त्याच माळावर तरुणपणी त्यांचा वाडा पडायचा. वाडा म्हणजे मेंढरांचा तळ. पुढं भावाकडं मेंढरं सोपवून ते एका फौंड्रीत लागले आणि इथंच राहिले. "मेंढरं हितं बसायची, आता मी बसलो," असं ते सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

हळूहळू माळ भरत गेला. जत-आटपाडीकडची माणसं आली, कोयनेच्या धरणात गाव गेलेल्या घरांतली पोरं नोकरीसाठी आली, बोलता बोलता कानडी शब्द येणारी सीमेकडची कुटुंबं आली. कृष्णेला मोठा पूर आला की सांगलीतले लोक आमच्या उंचवट्यावर नातेवाइकांकडं यायचे, आणि त्यातले काही जण पुढच्या वर्षी प्लॉट बघायला यायचे. ग्रामपंचायत होती तिची नगरपालिका झाली, नगरपालिका महापालिकेत गेली. आमचा पत्ता बदलत राहिला. घर जिथल्या तिथं होतं.

आण्णा आणि मामा यांची दोस्ती निवडणुकीतून झाली, असं म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही. कारण दोघं दोन पक्षांचे. आण्णा एका पक्षाचे पक्के, मामा त्याच्या विरोधातल्या पक्षाचे त्याहून पक्के. प्रचार सुरू झाला की दोघांचं बोलणं बंद. सकाळी आण्णा आपल्या कार्यकर्त्यांना घेऊन डावीकडं निघायचे, मामा आपल्या माणसांना घेऊन उजवीकडं. मतमोजणीच्या दिवशी ज्याचा माणूस निवडून येई तो पेढे घेऊन दुसऱ्याच्या दारात जायचा.

"घ्या पाव्हणं, तोंड गोड करा," आण्णा म्हणायचे.

"करतो की मेजर. पुढच्या टायमाला तुमचं कडू करतो," मामा म्हणायचे.

आण्णा फौजेत मेजर नव्हते, हवालदार होते. पण आमच्याकडं फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात.

हे दोघं मतदानाला एवढे का चिकटून असायचे हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. आण्णा नोकरीत असताना मतपत्रिका पोस्टानं यायची. सीमेवरच्या ठाण्यात ती कधी वेळेवर यायची, कधी निकाल लागल्यावर. आपण टाकलेलं मत गावापर्यंत पोचलं की वाटेतच राहिलं, हे त्यांना कधी कळलं नाही. निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हातानं शिक्का मारला आणि पेटीत कागद टाकला. त्या दिवशी ते घरी आले आणि आईला बोटावरची शाई दाखवत राहिले.

मामांचं नाव माणच्या यादीत होतं, पण मतदानाच्या दिवशी ते कधी गावात नसायचेच. "कवा कऱ्हाडच्या रानात, तर कवा पार कोकणात," ते सांगायचे. "निवडणूक हाय हे आमाला भोंग्याची गाडी जवळनं गेली की कळायचं. ती बी दुसऱ्याच गावाची." इथं स्थायिक झाल्यावर त्यांचं नाव आमच्या भागात आलं. त्यांचं पहिलं मतदान मी पाहिलं. मी आईचा हात धरून बायकांच्या रांगेत उभी होते. शाळेच्या वर्गाबाहेर मामांनी वहाणा काढल्या, भिंतीकडेला नीट ठेवल्या आणि अनवाणी आत गेले. रांगेतलं कुणीतरी हसलं. मामांनी लक्ष दिलं नाही. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता, की मला वाटलं आत काहीतरी फार मोठं असणार. मी आईला विचारलं, "आत देव आहे का?" आई म्हणाली, "न्हाई गं, मास्तर हायत आत."

मी मोठी झाले, लग्न होऊन साताऱ्याला गेले, तिथल्या शाळेत शिकवायला लागले. त्या दरम्यान केव्हातरी सरकारनं मतदारसंघांच्या हद्दी नव्यानं आखल्या. आण्णांनी फोनवर सांगितलं तेव्हा मला ती एक साधी बातमी वाटली. सुट्टीत घरी गेले तेव्हा उलगडा झाला. विधानसभेची नवी हद्द आमच्या घरासमोरच्या रस्त्यावरून गेली होती. आमची बाजू एका मतदारसंघात, मामांची बाजू दुसऱ्या. लोकसभेला सगळे एकच, विधानसभेला मात्र दोन.

आण्णा ओट्यावर बसून समोर बघत होते. मी म्हटलं, "आण्णा, त्यात काय एवढं?"

"अगं, भांडायचं कुणाशी आता?" ते म्हणाले. "ह्या माणसाच्या विरोधात काम करायची मला सवय झालीय. आता त्यो तिकडं कुणाला तरी पाडणार, मी हिकडं कुणाला तरी निवडून आणणार. एकमेकाला काय फरकच पडत न्हाई."

मामांनाही तेच वाटत असावं. पुढच्या विधानसभेला आमच्या बाजूला आण्णांच्या पक्षाचा आमदार आला, रस्त्यापलीकडं मामांच्या पक्षाचा. दोघंही जिंकले. एकाच दिवशी दोघं पेढ्याचा पुडा घेऊन निघाले आणि रस्त्याच्या मध्यात भेटले. आई सांगते, त्या दिवशी दोघांचे चेहरे जिंकलेल्या माणसासारखे दिसत नव्हते.

मग रस्त्याचं दुखणं सुरू झालं. कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या की तिथून दुचाकींची रीघ लागते. खडी वर आलेली, जागोजागी खड्डे. आमच्या आमदारांकडं गेलं की ते म्हणायचे, पलीकडच्यांचाही रस्ता आहे, त्यांना सांगा. पलीकडचे म्हणायचे, अलीकडच्यांना सांगा. महापालिकेत गेलं की तिथले लोक दोन्हीकडं बोट दाखवायचे. त्या दोन आमदारांची आपसात लढतच नव्हती. एकानं रस्ता केला तर दुसऱ्याला तोटा नव्हता, आणि नाही केला तर फायदा नव्हता. त्यामुळं त्या रस्त्यापायी कुणाच्याच पोटात दुखत नव्हतं.

शेवटी आमच्या बाजूच्या आमदारांनी निधी दिला. ठेकेदार आला, त्याच्या माणसांनी टेप धरून रस्त्याचा मध्य काढला, चुन्याची रेघ मारली, आणि तेवढ्यावरच डांबर टाकलं. अर्ध्या रस्त्यावर. आमच्या दारासमोर काळंभोर, गुळगुळीत. मामांच्या दारासमोर खड्डे तसेच. मधे चांगली चार बोटं उंचीची कड. लोक बघायला यायचे, फोटो काढायचे. मी सुट्टीत गेले तेव्हा मीही काढला. हसूच येत होतं.

हसू फार दिवस टिकलं नाही. एका संध्याकाळी आण्णा त्यांच्या जुन्या मोपेडवरून दळण घेऊन येत होते. समोरून टेम्पो आला. त्याला वाट द्यायला त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि पुढचं चाक त्या कडेवरून खाली घसरलं. ते आडवे पडले. पिठाचा डबा फुटला. आईला आवाज आला, पण ती दारापर्यंत पोचायच्या आत मामा आणि मामी रस्त्यात होते. मामांनी घरातलं घोंगडं आणलं, ते अंथरलं, मामी आणि दोन कामगारांच्या मदतीनं आण्णांना त्यावर घेतलं आणि चारी टोकं धरून रिक्षापर्यंत नेलं. मेंढरू लंगडलं की असंच उचलतात, असं मामी नंतर म्हणाली. मांडीचं हाड मोडलं होतं. मिरजेला दवाखान्यात सळई घालून ऑपरेशन झालं. मी साताऱ्याहून पोचले तेव्हा मामा दवाखान्याच्या पायरीवर बसले होते, आणि त्यांच्या सदऱ्यावर अजून पीठ होतं.

आण्णा खाटेला खिळले आणि तेवढ्यात विधानसभेची निवडणूक लागली. आमच्या भागातली तरुण पोरं चिडलेली होती. त्यांनी फ्लेक्स छापून आणला: रस्ता नाही तर मत नाही. दोन्ही बाजूंनी बहिष्कार टाकायचा. तसं ठरवायला एका रविवारी सकाळी बैठक बोलावली. आण्णांना जाता येईना म्हणून बैठकच आमच्या अंगणात आली. मी तेव्हा तिथंच होते, चहाचे कप धुऊन धुऊन हात पांढरे पडले होते.

एक कामगार पोरगा उभा राहून बोलला. चांगलं बोलला. "आपल्या मताची ह्यांना किंमत न्हाई. मग ते द्यायचंच कशाला? एक बी माणूस जायाचं न्हाई."

टाळ्या पडल्या. आण्णांनी खाटेवरून हात वर केला.

"माझा पाय ह्या रस्त्यानं मोडला," ते म्हणाले. "म्हणून मला बोलायचा हक्क हाय. मी बर्फात बसून मत पोस्टात टाकलंय आणि ते कुठं गेलं हे मला आजपातुर ठाव न्हाई. आता कुठं माझ्या हातानं टाकायला मिळतंय. ते मी सोडनार न्हाई."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग मामा उठले. ते कधी बैठकीत बोलत नसत. त्यांचं काम घरोघरी.

"मेजर आन् मी कवा एका बाजूला नव्हतो," ते म्हणाले. "आज हाय. आरं, मी रानोमाळ फिरत हुतो तवा माझं मत वाऱ्यावर हुतं. लय उशिरा मिळालं रं गड्यांनो. तुमी म्हंता फेकून द्या."

पोरांनी फ्लेक्स गुंडाळून ठेवला. आता करायचं काय, हे मात्र कुणालाच सुचेना. बहिष्कार नाही तर मग काय? तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली मामी बोलली. मी तिच्या शेजारी होते. तिनं पदर नीट केला आणि जागेवरूनच म्हणाली, "त्या दोघास्नी एका टायमाला बोलवा की."

"कुणाला?"

"दोन्ही आमदारास्नी. ह्या रस्त्यावर. त्ये येगयेगळे येत्यात म्हणून येगयेगळं बोलत्यात."

पुढं सगळं तिच्या म्हणण्याप्रमाणं झालं. आण्णांनी आपल्या पक्षाच्या माणसांना निरोप दिला, मामांनी आपल्या. दोन्हीकडं एवढंच सांगितलं, की अमुक दिवशी सकाळी सगळा भाग रस्त्यावर जमणार आहे, साहेबांनी यावं. दुसरा येणार आहे हे कुणी सांगितलं नाही.

त्या सकाळी पोरांनी आण्णांची खाट उचलून रस्त्याच्या मध्यात ठेवली. दोन पाय डांबरावर, दोन खाली खडीत. खालच्या पायांखाली विटा लावल्या, तरी खाट जरा कलंडलेलीच होती. आण्णांनी फौजेतली टोपी घातली होती. आई पुटपुटत होती, की ऑपरेशन झालेल्या माणसाला असं रस्त्यात ठेवतात का. पण तीही मग खाटेच्या उशाशी येऊन बसली.

एका टोकानं आमच्या आमदारांच्या गाड्या आल्या, दुसऱ्या टोकानं पलीकडच्यांच्या. मधे खाट. गाड्या थांबल्या. दोघं उतरले. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि नमस्कार केला, कारण एवढ्या माणसांसमोर दुसरं काय करणार? खाटेच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, एक डांबरावर आणि एक मातीत. पलीकडचे आमदार बसले तशी त्यांची खुर्ची मऊ मातीत एका बाजूला रुतली. कार्यकर्ता खुर्ची बदलायला धावला, तर ते म्हणाले, "राहू दे."

आमच्या आमदारांनी सुरुवात केली. त्यांनी त्यांच्या बाजूचं काम केलं होतं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पलीकडचे म्हणाले, त्यांच्या बाजूचा प्रस्ताव मंजुरीसाठी गेला आहे. दोघंही खोटं बोलत नव्हते.

मामी चहा घेऊन पुढं आली. दोघांना कप दिले आणि ती पलीकडच्या आमदारांसमोरच थांबली.

"आवं साहेब, एक इचारू का?"

"विचारा की मावशी."

"मेजर पडलं तवा त्यांचं डोकं ह्या साहेबांच्या रस्त्यावर हुतं आन् पाय तुमच्या. मंग उचलायचं कुनी?"

दोघांचे कप हातातच राहिले.

"आमी इचारत बसलो न्हाई," मामी म्हणाली. "उचललं."

मी शिक्षिका आहे. भाषणं, परिसंवाद, पाहुण्यांची मार्गदर्शनं मी खूप ऐकली आहेत. पण शंभरेक माणसं एका वाक्यानं अशी शांत झालेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. कारखान्याच्या दिशेनं येणाऱ्या दुचाकी थांबल्या होत्या, त्यांवरचे लोक एक पाय जमिनीवर टेकून बघत होते. मामीच्या हातात रिकामा ट्रे होता आणि तो तिनं पोटाशी धरला होता. ती घाबरली असेल का, हे मला आजही सांगता येणार नाही.

आमच्या आमदारांचा एक माणूस हळूच म्हणाला, "साहेब, आचारसंहिता आहे, काही आश्वासन देऊ नका."

मामांनी ते ऐकलं. "आचारसंहिता आमाला बी कळती," ते म्हणाले. "आज डांबर वता म्हणत न्हाई आमी. निकाल लागू दे. मंग तुमी दोघांनी हितं यायचं आन् एका जागी बसून ठरवायचं. एवढाच शबुद द्या."

आधी पलीकडचे आमदार उठले. "आलो समजा," ते म्हणाले. "निवडून आलो तरी आणि पडलो तरी." मग आमच्या आमदारांनाही तेच म्हणावं लागलं. दोघांनी आण्णांच्या खाटेवरून हात मिळवले. पोरांनी मोबाइलवर ते सगळं टिपलं आणि दुपारपर्यंत ते सांगली-मिरजेतल्या प्रत्येक फोनवर पोचलं. साताऱ्याहून माझ्या मुख्याध्यापकांचा फोन आला, "अहो, त्या खाटेच्या उशाशी तुमच्या आईच ना?"

मतदानाच्या दिवशी मामांच्या मुलांनी आण्णांना खुर्चीसकट उचलून शाळेत नेलं. दोन्ही मतदारसंघांच्या खोल्या एकाच शाळेत होत्या, एकाच व्हरांड्यात. एक रांग डावीकडच्या वर्गात जात होती, एक उजवीकडच्या. फाटकातून आण्णा आणि मामा बरोबर आत गेले आणि व्हरांड्यात वेगळे झाले. मी मागं उभी राहून बघत होते. त्या रांगांमध्ये माणची माणसं होती, कोयनेची होती, सीमेकडची होती. कामाचे कपडे घालून पाळी चुकवून आलेले कामगार होते. एक बाई दोन दिवसांचा प्रवास करून, मेंढरं दिरावर सोडून, फक्त मतासाठी आली होती. ती मामीची भावजय निघाली; तिचं नाव आता इथल्याच यादीत होतं. एवढी माणसं, कुठून कुठून आलेली, मुकाट्यानं एकामागं एक उभी होती. वर्गाच्या भिंतीवर पाढे होते. मी रोज अशाच वर्गात शिकवते, पण त्या दिवशी तो वर्ग मला ओळखू येत नव्हता.

निकाल लागला. आमच्या बाजूचे आमदार पुन्हा निवडून आले. पलीकडचे पडले.

मामा त्या दिवशी घराबाहेर आले नाहीत. आण्णांनी पेढे मागवले होते, पण ते पलीकडं पाठवायचं त्यांना सुचलं नाही. संध्याकाळी आईच एक वाटी आमटी घेऊन पलीकडं जाऊन आली. "शबुद गेला आता," मामा तिला म्हणाले. "पडलेला माणूस कशाला येतोय?"

नवे आमदार तिसऱ्याच पक्षाचे होते. त्यांनी आम्हाला काहीच कबूल केलेलं नव्हतं. भागातल्या लोकांनी रस्त्याचा विषय सोडून दिला. मीही साताऱ्याला परत गेले.

त्यानंतरचं मला आण्णांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज असा होता, की मी फोन दोन्ही हातांनी धरला होता. एका सकाळी ते काठी घेऊन ओट्यावर बसले होते. एक मोटारसायकल येऊन थांबली. मागच्या सीटवरून एक गृहस्थ उतरले. गाड्यांचा ताफा नाही, हार नाहीत, बरोबर फक्त गाडी चालवणारा. पडलेले आमदार होते.

"मेजर, खाट कुठाय?" त्यांनी विचारलं.

आण्णांनी मामांना हाक मारली तसे ते पलीकडून आले आणि त्यांना बघून रस्त्यातच उभे राहिले. मामांनी आयुष्यभर ज्या पक्षाचं काम केलं, त्याचा माणूस दारात आला होता.

पडलेले आमदार आमच्या ओट्यावर बसले. त्यांनी आधी आमच्या आमदारांना फोन लावला. मग त्यांनी ज्याच्याकडून हार खाल्ली होती, त्या नव्या आमदारांना लावला. आण्णा आणि मामा दोघं ऐकत होते. ते एवढंच म्हणाले: "तुमचं अभिनंदन करायला फोन केला नाही, ते आधीच केलंय. मी एका रस्त्यावर शब्द देऊन बसलोय. तो पुरा करायची ताकद आता तुमच्याकडं आहे, माझ्याकडं नाही. येऊन बघून जा." पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी पाणी मागितलं, तांब्या रिकामा केला आणि गेले.

नवे आमदार आले. लगेच नाही, दोन-तीनदा आठवण करून द्यावी लागली. मामी स्वतः एकदा त्यांच्या कार्यालयात जाऊन बसली. पण आले. आमचे आमदारही आले, कारण ते सगळं मोबाइलवर होतं आणि लोक विसरले नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात सबंध रस्ता झाला. जुना अर्धा भाग उकरून, इकडून तिकडं एकदाच. त्यासाठी दोन्हीकडचा निधी कसा जुळवला ते मला माहीत नाही, आणि आण्णांनाही नाही. नारळ फोडायला दोन्ही आमदार होते. पडलेल्या माणसाला कुणी बोलावलं नव्हतं. मामीनं निरोप पाठवला होता, पण ते आले नाहीत. "त्यांचा दिवस आहे," असं म्हणाले म्हणे.

ते आले नंतर, काही आठवड्यांनी, कुणालाही न सांगता. या वेळी मी घरी होते. सकाळची वेळ. ते आणि मामा रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. फार बोलत नव्हते. मधेच मामांनी वाकून रस्त्यावरचा एक दगड उचलला आणि कडेला टाकला. आण्णा काठी टेकून ओट्यावर उभे होते. मी त्यांच्या शेजारी होते. मला आठवतं, मी त्या साध्या पांढऱ्या शर्टातल्या माणसाकडं बघत होते आणि लहानपणी मामा मत देऊन वर्गातून बाहेर आले तेव्हा जे वाटलं होतं, त्याहून वेगळं काही मला वाटत नव्हतं.

ते निघाले तेव्हा आण्णांनी त्यांना हाक मारली.

"साहेब, मी तुमच्या पक्षाला कवाच मत दिलेलं न्हाई."

"माहीत आहे मेजर," ते हसले. "मामांनी सांगितलंय."

"पुढच्या टायमाला दिलं असतं," आण्णा म्हणाले. "पर माझी बाजू हिकडची. तुमी तिकडचे. देताच येत न्हाई."

ते पुढं आले, ओट्याची पायरी चढले आणि आण्णांच्या पायांना हात लावला. आण्णा मागं सरकायला गेले, पण मोडलेल्या पायानं त्यांना सरकता आलं नाही.

नंतरच्या निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत. तब्येत बरी नव्हती असं कळलं. मामांनी त्यांच्या पक्षाचं काम केलं, पण मनापासून नाही. आण्णा आता फार चालत नाहीत. त्यांच्या शेजारी बसून मामा वर्तमानपत्र वाचून दाखवतात आणि प्रत्येक बातमीवर दोघांचं वाजतं. हल्ली हद्दी पुन्हा आखणार अशी चर्चा ऐकू येते. परवा मी फोनवर आण्णांना विचारलं, आता रेघ कुठून जाईल असं वाटतं.

"कुठनं का जाईना," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पर पाव्हण्याला माझ्याच बाजूला टाका म्हणावं. बघतो त्याच्याकडं."

मागून मामांचा आवाज आला, "काय म्हंताय वो मेजर?"

आण्णांनी फोन ठेवून दिला.